रंगाखालची मोटार

मोटारीला चॅसी असते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची अजून पक्की समजूत आहे. चॅसी म्हणजे खालचा भक्कम लोखंडी सांगाडा. त्यावर इंजिन बसवायचे, चाके लावायची, वर पत्र्याची खोली ठेवून बोल्टांनी आवळायची, की झाली मोटार! ट्रकचे तसे असते, जुन्या जीपचेही तसेच होते. नुसत्या सांगाड्यावर उघड्याने बसलेला आणि डोक्याला फडके गुंडाळून हमरस्त्याने ऐटीत निघालेला चालक आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेला असतो. ते दृश्य मनात इतके ठसते, की आपल्या घरच्या गाडीच्या पोटातही असाच एखादा लोखंडी पलंग असणार, असे आपण धरून चालतो.

तो नसतो. १९२२ साली इटलीतल्या लान्चिया कंपनीने 'लाम्डा' नावाची गाडी काढली, तेव्हापासून या बिनचॅसीच्या गाड्यांचा इतिहास सांगतात. उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत बनत असलेली, जिला सारे कौतुकाने रणगाडा म्हणत, ती अँबॅसडरसुद्धा याच जातीची होती. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून जिचे आयुष्य गेले ती कुर्ल्याची फियाटही तीच. माझ्या एका स्नेह्यांनी अँबॅसडर पंचवीस वर्षे चालवली. त्यांना मी हे सांगितले तेव्हा, सोन्याची म्हणून जपलेली पाटली पितळेची आहे असे कुणी सांगावे, तसा त्यांचा चेहरा झाला.

मग ही गाडी उभी राहते कशी? त्यासाठी फराळाचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्यावा. झाकण काढून दोन कोपरे धरून पिळला, तर डबा लगेच अंग सोडतो. झाकण घट्ट बसवून पुन्हा पिळून पाहावा. पत्रा तोच, हात तेच, पण डबा आता दाद देत नाही. बळ पत्र्यात नसते, ते बंद आकारात असते. मोटारीचे तेच आहे. मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचे पत्रे दाबून खोलगट करायचे, एकावर एक ठेवून हजारो ठिकाणी विजेचे टाके घालायचे आणि त्यांच्या पोकळ नळ्या बनवायच्या. दरवाजांमधले खांब, दारांखालचे उंबरे, इंजिनाच्या दोन बाजूंनी पुढे गेलेले दोन हात, हे सारे पोकळच. गाडी म्हणजे झाकण लावलेला डबा.

पण डब्याची आणखी एक खोड गृहिणींना चांगली ठाऊक आहे. तो एका कोपऱ्यावर आपटला, की झाकण भलत्याच कोपऱ्याला बसेनासे होते.

गेल्या पावसाळ्यात हे मला फार जवळून पाहावे लागले. आमची धाकटी मुलगी पुण्यात सोलापूर रस्त्याने येत होती. पुढच्या टेम्पोने एकाएकी ब्रेक लावला. तिने गाडी उजवीकडे काढली, पण डावा कोपरा टेम्पोच्या मागच्या दांड्यात घुसलाच. तिला खरचटलेसुद्धा नाही, पण गाडीचे नाक पार चेचले. पाहायला जमलेल्या मंडळींत एक वाक्य हटकून ऐकू येत होते : "हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसता कागद! जुनी गाडी असती तर तिला ओरखडासुद्धा गेला नसता."

गाडीला गेला नसता हे कदाचित खरे असेल, पण मग तो धक्का कुणाच्या तरी अंगावर गेलाच असता. बेला बारेन्यी नावाच्या अभियंत्याने मर्सिडीजच्या कारखान्यात बसून याचा उलटा विचार केला. माणसे बसतात ती मधली खोली कठीण हवी, आणि पुढचा-मागचा भाग हिशेबाने नरम हवा. धक्क्याची शक्ती पत्रा चुरगाळण्यात खर्च व्हावी, बरगड्या मोडण्यात नव्हे. त्याने १९५१ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ साली तशी गाडी रस्त्यावर आली. आमच्या मुलीची गाडी मोडली, ती मोडण्यासाठीच तशी घडवलेली होती. तिने आपले काम चोख केले होते. आता प्रश्न एवढाच होता, की हेच काम ती पुन्हा एकदा करू शकेल अशी तिला करायची कशी?

पहिल्या ठिकाणी आमचे स्वागत चहाने झाले. चार दिवसांत गाडी 'शोरूमसारखी' करून मिळणार होती. कशी, असे विचारल्यावर मालकांनी उत्साहाने सांगितले. वाकलेला भाग गॅसच्या ज्योतीने लाल करायचा, साखळी बांधून ओढायचा, वरून जाड पट्टी मारायची, लांबी भरायची, घासायचे आणि रंग. रंग तर ते यंत्रावर जुळवून देणार होते. या बोलण्यात मापाचा शब्द एकदाही आला नाही, हे मुलीच्या लक्षात आले. तिने चहा संपवला आणि गाडी उचलायला लावली.

दुसरा मिस्त्री हडपसरच्या पुढे एका शेडमध्ये काम करतो. त्याने चेचलेल्या नाकाकडे ढुंकूनही पाहिले नाही. मला म्हणाला, "काका, उजवीकडचं मागचं दार जरा उघडून लावा बरं."

मी लावले. दार वरच्या कोपऱ्याला किंचित घासले.

"बघा. मार नाकावर बसला, पण कळ पार कमरेत गेलीय."

मग त्याने गाडी लोखंडी बाकावर चढवली, उंबऱ्याखालच्या शिवणीला चार ठिकाणी चिमटे आवळले आणि एक लांब सरकती मापाची दांडी घेऊन तो खाली शिरला. गाडीच्या तळाशी ठराविक भोके असतात. कोणत्या भोकापासून कोणते भोक किती अंतरावर आणि किती उंचीवर असावे, याचा तक्ता कंपनी देते. डाव्या पुढच्या भोकापासून उजव्या मागच्या भोकापर्यंत एक कर्ण, उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत दुसरा. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. आमच्या गाडीत ११ मिलिमीटरचा फरक निघाला. या धंद्यात साधारण ३ मिलिमीटरची सूट धरतात.

वाचक म्हणतील, ११ मिलिमीटर म्हणजे काय हो, बोटाची रुंदीसुद्धा नाही! खरे आहे. पण त्या बोटभर फरकाने पुढची चाके आणि मागची चाके एका रेषेत धावत नाहीत. गाडी एका अंगाला ओढ घेते, टायर एका कडेने झिजतात आणि मालक बिचारा दर दोन महिन्यांनी चाकांचे अलाइनमेंट करून घेत हिंडतो. वाकडे असते घर, आणि तो उंबरठा तासत बसतो.

ओढण्याचे काम मी तीन दिवस पाहिले. मोठा आवाज नाही, ठोकाठोक नाही. मला वाटले होते, नाक आधी सरळ करतील. तसे करत नाहीत. धक्का पुढून आत गेला, म्हणून दुरुस्ती आतून बाहेर यायची. जे सर्वांत शेवटी वाकले ते सर्वांत आधी जागेवर आणायचे. साखळी थोडी ताणायची, थांबायचे, हातोडीने शिवणीवर हलके टोले द्यायचे, म्हणजे पत्र्यात कोंडलेला ताण मोकळा होतो, मग साखळी सैल करून पुन्हा माप घ्यायचे. कारण सोडला की पत्रा थोडा माघारी येतो. म्हणून हव्या त्या मापाच्या किंचित पुढे न्यायचा, म्हणजे मागे येऊन तो नेमका जागेवर बसतो. हे 'किंचित' किती, ते तक्त्यात लिहिलेले नसते. ते मिस्त्रीच्या मनगटात असते.

कोणता भाग ओढायचा आणि कोणता टाकायचा, याचाही त्याचा एक नियम होता, आणि तो जगभरचे जाणते कारागीर पाळतात. नुसते वाकले असेल तर सरळ करायचे, घडी पडली असेल तर बदलायचे. पत्र्याची सुरकुती इस्त्रीने जाते, घडी जात नाही. जिथे घडी पडली तिथे पोलाद आतून थकलेले असते. आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या हाताला अशी घडी होती. विमा कंपनीचे सर्वेक्षक म्हणाले, "ओढून होईल की!" मिस्त्रीने काही न बोलता त्यांच्या हाती बॅटरी दिली आणि आत पाहायला सांगितले. सर्वेक्षक वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी नवा भाग मंजूर केला.

ज्योत मात्र मिस्त्रीने शेडमध्ये पेटवूच दिली नाही. कारण समजायला गावाकडच्या लोहाराची आठवण पुरे. विळा तापवून तो पाण्यात बुडवतो, त्याला आपण पाणी देणे म्हणतो. असा विळा चुलीत पडला तर दिसायला तसाच राहतो, पण त्याचे पाणी उतरते. आजच्या गाड्यांचे मधले खांब असेच पाणी दिलेल्या पोलादाचे असतात. पत्रा सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून थंड साच्यात दाबला, की तो साध्या पत्र्याच्या कित्येक पट बळकट होतो. त्याला गॅसची ज्योत दाखवली, की ते बळ गेले. वरून रंग दिल्यावर हे कुणाला कळणार? कळणारच नाही. पुढच्या अपघातापर्यंत.

आमचे शेजारी एक दिवस शेडमध्ये आले होते. हौशी माणूस. त्यांनी आग्रहाने सुचवले, "मिस्त्री, नवा भाग बसवताच आहात, तर आतून एक जाड पट्टी मारा. दुप्पट मजबूत होईल." सल्ला प्रेमाचा होता, आणि नेमका तोच घातक होता. त्या पुढच्या हाताला कारखान्यात मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, कुठे आणि कोणत्या क्रमाने चुरगाळायचे हे त्याला शिकवलेले असते. एअरबॅग कधी फुगवायची हेही गाडीतले यंत्र त्या धक्क्याच्या चढउतारावरूनच ठरवते, आणि हा सगळा खेळ डोळ्याचे पाते लवायच्या आत संपतो. जाड पट्टीने हात अवघडला, तर धक्का चुरगाळण्यात खर्च न होता सरळ आतल्या माणसापर्यंत जातो. गाडी अधिक मजबूत करणे म्हणजे गाडी बिघडवणे, हे शेजाऱ्यांना शेवटपर्यंत पटले नाही. जाताना ते मला हळूच म्हणाले, "कंजूस दिसतो हा."

नवा हात बसवताना जुने टाके एकेक पोखरून काढले आणि जितके काढले तितकेच त्याच जागी पुन्हा घातले. मग पोकळीत नळी घालून मेण फवारले, नाहीतर आमच्या कोकणच्या फेऱ्यांत खाऱ्या वाऱ्याने नवा पत्रा आतून खाल्ला असता. रंग सर्वांत शेवटी. त्याचे वर्णन करण्यासारखे काही नाही, रंग रंगासारखा झाला.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २०१७ साली एक खटला गाजला. आपल्याकडे 'जाझ' या नावाने विकली गेली ती होंडाची गाडी. गारांच्या माऱ्याने तिचे छत पोचले म्हणून एका गॅरेजने ते बदलले. कंपनीचे म्हणणे होते छत टाक्यांनी जोडा. गॅरेजने ते डिंकासारख्या चिकट द्रव्याने चिकटवले. गाडी सुरेख दिसत होती. एका दांपत्याने ती जुन्या बाजारातून घेतली, आणि छताची हकीकत त्यांना कुणी सांगितली नाही. काही महिन्यांतच, डिसेंबर २०१३ मध्ये, समोरून आलेली गाडी त्यांच्यावर आदळली, त्यांची गाडी दबली, पेटली, आणि दोघेही गंभीर जखमी झाले. ज्युरीने त्या गॅरेजवर ३ कोटी १५ लाख डॉलरची जबाबदारी टाकली. रक्कम मोठी आहे. पण मला खटकते ते हे, की त्या दांपत्याने गाडी घेताना काचा पाहिल्या असतील, टायर पाहिले असतील, छताला हात लावूनही पाहिला असेल, आणि त्यात त्यांना काहीही कळले नसते. आपल्याकडे २०२३ पासून 'भारत एनकॅप'चे तारे गाड्यांना मिळू लागले आहेत आणि घेणारे ते मोजूनही पाहतात. पण ते तारे कारखान्यातून निघालेल्या आकाराला असतात, गॅरेजमधून निघालेल्या आकाराला नव्हे.

हे सारे माझ्या डोक्यात घोळत होते, कारण दिवाळीनंतर मुलीची बदली बंगळुरूला झाली आणि गाडी विकायची ठरली. दलाल आला, बॉनेटवरून हात फिरवून म्हणाला, "काका, अपघाताचं कशाला काढता? इतकं झकास काम आहे, ब्रह्मदेवालाही ओळखू येणार नाही." गाडी पाहायला आले ते कोथरूडचे एक तरुण जोडपे. कडेवर वर्षाची मुलगी. ती पोर मागच्या सीटवर बसून खिडकीची काच चाटू लागली, आणि आमच्या हिने माझ्याकडे पाहिले. मी काही बोलायच्या आधीच मुलीने आतून फाइल आणून त्यांच्या हाती दिली. रंगाआधीच्या उघड्या पत्र्याचे फोटो, आधीच्या आणि नंतरच्या मापांचे कागद, बदललेल्या भागाचे बिल. दलालाने कपाळाला हात लावला. जोडपे विचार करतो म्हणून गेले. आता काही ते येत नाहीत, असे मी समजून चाललो.

तिसऱ्या दिवशी त्या तरुणाचे वडील आले. रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. नमस्कार-चमत्कार आटोपून त्यांनी पिशवीतून सतरंजी, टेप आणि चष्मा काढला आणि सतरंजी टाकून ते गाडीखाली शिरले. अर्ध्या तासाने बाहेर आले.

"तुमच्या कागदावर कर्णात २ मिलिमीटरचा फरक लिहिलाय. मला ५ मिळतात."

मी मिस्त्रीला फोन लावून दिला. पलीकडून तो म्हणाला, "बाबा, टेप मधल्या नळ्यांवरून वाकडा जातो. त्याच्यासाठी दांडीच पाहिजे. गाडी घेऊन या, तुमच्यासमोर मोजतो. पैसे नकोत."

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बाकावर चढली. दोघे खाली शिरले, एकाच्या हाती दांडी, दुसऱ्याच्या हाती बॅटरी. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते, आणि आतून आकड्यांची घासाघीस ऐकू येत होती. शेवटी २ वर एकमत झाले. गृहस्थांनी हात पुसले, किमतीतून तीस हजार कमी करायला सांगितले, आणि आम्ही ते केले.