रडीचा डाव आणि तुमचा रक्तदाब



रात्रीची जेवणं आटोपली की मोबाइलवर बुद्धिबळाचा डाव मांडणारे आता वाशीमपासून कारंजा, रिसोड, मानोऱ्यापर्यंत सगळीकडे भेटतात. तीन मिनिटांचा डाव, पाच मिनिटांचा डाव, आणि समोरचा माणूस जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसलाय याचा पत्ता नाही. मीही खेळतो. खेळ उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आज बोलायचंय ते हरल्यानंतरच्या काही मिनिटांबद्दल.

माझ्याकडे रक्तदाबाचे एक रुग्ण येतात. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, चालणंही सुरू, तरी आकडा खाली येईना. झोपेची चौकशी केली तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गेम गेला की डोकं फिरते, मंग झोपच लागत नाही." हरलेला डाव भरून काढायला दुसरा, मग तिसरा, असं करत रात्रीचा एक वाजायचा. गोळी वाढवण्याआधी आम्ही खेळाची वेळ बदलली.

हरल्यावर शरीरात काय होतं?

तुम्ही खुर्चीवर बसलेले असता, पण शरीराला ते कळत नाही. घड्याळात दहा सेकंद उरलेत आणि वजीर फुकट गेला, हे मेंदूला संकटच वाटतं. ॲड्रिनॅलिन रक्तात उतरतं, नाडी जलद होते, रक्तदाब तात्पुरता चढतो. शेतात साप दिसला तर हीच तयारी तुम्हाला पळायला उपयोगी पडते. इथे पळायचं कुठे? म्हणून ती ऊर्जा बोटांत उतरते आणि तुम्ही लगेच 'नवीन डाव' दाबता.

अशा वेळी शांतपणे विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग मागे पडतो आणि राग पुढे येतो. मग तुम्ही आणखी वाईट खेळता. खेळाडू याला 'टिल्ट' म्हणतात. निरोगी माणसाचं शरीर थोड्या वेळात पूर्वपदावर येतं. पण रोज रात्री हेच होत असेल आणि झोप सहा तासांच्याही खाली जात असेल, तर रक्तदाब आटोक्यात ठेवणं अवघड होतं. ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांच्यासाठी रागाचा मोठा झटका आणि त्यानंतरचे एक-दोन तास जास्त जोखमीचे असतात.

एवढं का लागतं?

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की मिळवण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावल्याचं दुःख माणसाला जास्त होतं. दहा गुण वाढले तर तुम्ही विसरता, दहा कमी झाले तर रात्रभर आठवता.

आता साधं गणित बघा. ही संकेतस्थळं तुम्हाला तुमच्याच ताकदीचा प्रतिस्पर्धी देतात. म्हणजे साधारण जितके डाव जिंकाल तितकेच हराल. गुणांकनाच्या सूत्रानुसार तुमच्यापेक्षा 200 गुणांनी कमी असलेल्या खेळाडूकडूनही सरासरी चारपैकी एक गुण जातो. तेव्हा हरलात म्हणून तुमच्यात काही बिघडलेलं नसतं.

आपल्या विदर्भाचं उदाहरण

30 ऑगस्ट 2020. कोरोनामुळे ऑलिम्पियाड ऑनलाइन झालं होतं आणि अंतिम लढत भारत विरुद्ध रशिया. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. पहिली फेरी 3-3 अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत इंटरनेटचा संपर्क तुटला आणि निहाल सरीन व नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव वेळ संपल्यामुळे गेले. दिव्या तेव्हा 14 वर्षांची होती. भारताने रीतसर अपील केलं आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष अर्काडी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं.

खिलाडूवृत्ती म्हणजे अन्याय गिळून गप्प बसणं नव्हे, हे इथे लक्षात घ्या. दाद मागायची ती नियमाने, नियम पाहणाऱ्याकडे. समोरच्या खेळाडूला शिव्या घालून नव्हे. तुमच्या गावात लाइन गेली किंवा रेंज गेली, त्यात त्याचा काय दोष? तो लबाडी करतोय असा संशय आला तरी तक्रारीचं बटण आहेच. ते दाबा आणि विषय सोडा.

पाच वर्षांनी, जुलै 2025 मध्ये, हीच दिव्या जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत तिने हरवलं ते कोनेरू हंपीला, म्हणजे 2020 च्या त्याच संघातल्या आपल्या ज्येष्ठ सहकारी खेळाडूला.

मोठ्यांनाही राग येतोच. जून 2025 मध्ये नॉर्वेत गुकेशकडून हरल्यावर मॅग्नस कार्लसनने टेबलावर मूठ आपटली. पण लगेच माफी मागितली आणि जाताना गुकेशच्या पाठीवर थाप मारली. राग येणं आपल्या हातात नाही, त्यानंतर काय करायचं ते आहे.

माझा सल्ला

1. लागोपाठ दोन डाव हरलात की त्या दिवशी खेळ बंद. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.
2. हार दिसत असेल तर डाव सोडा. घड्याळ संपेपर्यंत समोरच्याला ताटकळत ठेवू नका. त्या वेळात तुमचीही नाडी धावतच असते.
3. हरल्यावर 'छान खेळलात' एवढं लिहा. मग उठा, पाणी प्या, पाच मिनिटं सावकाश श्वास घ्या.
4. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. रात्री फक्त चीड येते, सकाळी चूक दिसते.
5. झोपण्याआधी किमान तासभर खेळू नका. मोठ्यांना सात तास झोप हवीच.
6. घरी रक्तदाब मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसा. डाव हरल्या हरल्या घेतलेला आकडा धरून चालू नका.

मुलांच्या बाबतीत थोडा धीर ठेवा. राग आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. मूल रडलं तर "रडीचा डाव खेळतोस" म्हणून चिडवू नका. रडू द्या, मग समोरच्याचं अभिनंदन करायला लावा. आणि त्याच्यासमोर तुम्ही स्वतः कसे हरता तेही ते बघत असतं.

खेळताना छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर डाव तिथेच टाका आणि तातडीने जवळचा दवाखाना गाठा. हरल्यानंतरची चिडचिड घरच्यांवर निघत असेल किंवा झोप रोजच उडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही.