वऱ्हाडातली लाकडी जमीन

अकोल्याच्या घरात आजीची खोली सारवलेली असे. पुढे बाबांनी शहाबादी टाकली. आता तिच्यावर लॅमिनेट चढतंय. मिस्त्रींनी लॅमिनेटच्या पाट्यांची खोकी बसवण्याआधी 48 तास खोलीतच ठेवायला लावली, हे मला फार आवडलं. या पाट्यांचा गाभा दाबलेल्या लाकडी तंतूंचा, ओल लागली की फुगणारा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर आणि जुलैत भिंतींनाही ओल! म्हणून भिंतीलगत 8 ते 10 मिलिमीटर फट सोडायची, वरून पट्टी मारायची. शिवाय खाली आपली काळी माती, भिजली की फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. अमरावतीला मावशीकडे जमीन खचलेली पाहिली आहे. तेव्हा आधी पाया, उतार तपासून घ्या. लॅमिनेट घट्ट पिळलेल्या फडक्यानेच पुसा. स्वयंपाकघरात आणि न्हाणीजवळ मात्र शहाबादीच राहू द्या.