एकाच कारणावर बोट नको

घरातलं वडीलधारं माणूस विसरायला लागलं, की औषधाच्या आधी काय शोधलं जातं सांगू? दोष कुणाचा ते!

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश झाल्याचं सांगितलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अ‍ॅल्युमिनियमची पातेली टाकून द्या." आमचे 'हे' म्हणाले, "वय झालं, दुसरं काय?" नणंदबाई मात्र सरळच बोलल्या, "वहिनी, तुम्ही दिवसभर नोकरीवर. आईशी बोलायला घरात होतं कोण?" मैत्रिणींनो, ते अगदी जिव्हारी लागलं.

मग मी मिळेल ते वाचू लागले. तज्ज्ञसुद्धा हल्ली एकच कारण धरून बसत नाहीत, बरं का! 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०१७ मध्ये नऊ टाळता येण्याजोगी कारणं सांगितली होती. २०२० मध्ये ती बारा झाली, २०२४ मध्ये चौदा. लहानपणी शिक्षण कमी मिळणं, ऐकू कमी येणं, नजर अधू होणं, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, सिगारेट, दारू, डोक्याला मार, व्यायाम नसणं, उदासी, एकटेपणा आणि प्रदूषित हवा. काकूंची पातेली त्यात नाहीत!

शिवाय ही कारणं एकमेकांचा हात धरून येतात. ऐकू येईना की माणूस चारचौघांत बसणं टाळतं. त्यातून एकटेपणा, मग उदासी. घराबाहेर पडणं थांबलं की चालणं थांबलं, आणि चालणं थांबलं की रक्तातली साखर वाढली. एवढा गुंता एकट्या माणसाच्या डोक्यात कसा मावणार? म्हणून शास्त्रज्ञ कॉम्प्युटरची मदत घेतात.

महिनाअखेरीला पैसे उरले नाहीत, की आपण हिशेबाची वही उघडतोच ना? पाहुणे आले नसते तर? रिक्षाऐवजी बसने गेलो असतो तर? कॉम्प्युटरचं 'मॉडेल' म्हणजे तशीच वही, पण हजारो माणसांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची. एक आकडा बदलला की बाकीचे किती हलतात, ते त्यात दिसतं. एकच खर्च दोनदा धरला जाऊ नये, याचीही काळजी घेतात. चौदाही कारणं दूर करता आली, तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्या समितीचा अंदाज आहे.

मात्र हा हिशेब समाजाचा. अमक्या घरच्या आजींना आजार नेमका कशाने झाला, हे कॉम्प्युटरलाही सांगता येत नाही. मग सुनेच्या नोकरीवर ते कुणी कसं ढकलावं?

सासूबाईंना पंचवीस वर्षं मधुमेह, शाळा चौथीपर्यंत, आणि कानांनी कमी ऐकू येणं तर जुनंच. गेल्या वर्षी त्यांना कानाचं यंत्र घेतलं. आजार त्याने बरा झाला नाही, होणारही नव्हता; पण फोनवरचं बोलणं त्यांना कळू लागलं. आता रोज संध्याकाळी नणंदबाईंचा फोन येतो आणि मायलेकी दहा मिनिटं बोलतात.

आणि तुमचं काय? चाळिशी उलटली असेल तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल मोजून घ्या. कान-डोळे तपासून घ्या. मुलांच्या परीक्षा होऊ देत, दिवाळी होऊ दे, असं म्हणत पुढे ढकलू नका. याच आठवड्यात जाऊन या.