बादलीतला पाहुणा

आमच्या वलवणला पाण्याची ददात नाही. धरण उशाशी आणि पाऊस चार महिने मुक्कामाला! त्यामुळे लेकाच्या हट्टाखातर बाहेरच्या खोलीत काचेची टाकी आणून गप्पी मासे सोडले, तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही. पण सहावीतल्या या चिरंजीवांनी २०२० साली निघालेला, दक्षिण आफ्रिकेतल्या ऑक्टोपसवरचा माहितीपट पाहिला आणि जाहीर केले, "आई, गप्पी पुरे. आता ऑक्टोपस!"

मी नुकतीच शाळेतून येऊन कुकर लावत होते. आधी हसूच आले. पण पडले मास्तरीण! नाही म्हणायचे तर कारणे देऊन म्हणावे. वही घेऊन बसलो दोघे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ७ किलो, आणि तेही घरातले मीठ चालत नाही. पाण्यात तांब्याचा अंश उतरला तर विषच. शिवाय पावसात वीज गेली की हवेचा पंप बंद. धरणाचे पाणी खोपोलीला उतरून मुंबईसाठी वीज करते आणि आम्ही काडेपेटी शोधतो! खायला खेकडे लागतात हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण वरणभात खायचा आणि त्याला खेकडे?"

"मी जपेन गं," एवढेच लेकाचे उत्तर.

मेच्या सुट्टीत रत्नागिरीजवळ मावशीकडे गेलो. ओहोटीला खडकांतल्या डबक्यात त्याला तो सापडलाच! वीतभर, खडकाच्याच रंगाचा. बादलीत घेताच पांढुरका पडला. सकाळी परत सोडायचा, या अटीवर मी होकार दिला. चूक माझीच. बादलीवर परात, परातीवर वरवंटा.

रात्री अकराच्या सुमाराला परात वाजली. दिवा लावते तो काय, वरवंटा जागच्या जागी, परात बोटभर सरकलेली आणि बादली रिकामी! मैत्रिणींनो, या प्राण्याला हाड म्हणून नाही. चोच तेवढी कठीण, ती शिरेल तिथून सगळा देह शिरतो. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मत्स्यालयातून २०१६ साली इंकी नावाचा ऑक्टोपस असाच निसटला आणि सांडपाण्याच्या नळातून समुद्रात गेला. आमच्या पाहुण्याचा ओला माग न्हाणीत गेला होता. मोरीच्या तोंडाशी तो आकसून पडला होता. धाप लागल्यासारखे अंग हलत होते. मोरीपलीकडे मावशीच्या केळी, समुद्र नव्हे.

लेकाने त्याला ओल्या फडक्यात उचलले. बॅटरी घेऊन आम्ही खडकांकडे धावलो. भरती चढत होती, मी लेकाचा दंड घट्ट धरलेला. पाण्यात सोडताना एक पाय त्याच्या मनगटाला चिकटून राहिला, मग सुटला.

"जगेल ना गं?" वाटभर तेच.

"जगेल," मी म्हटलं. मला कुठे ठाऊक होतं?

जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना, त्याने स्वतःच कुठेसे वाचले की बहुतेक ऑक्टोपसची मादी अंडी राखताना अन्नाला शिवत नाही आणि पिल्ले बाहेर पडली की मरते. पुस्तक मिटून तो स्वयंपाकघरात आला. म्हणाला, "आई, आपण आणलेली ती आई नव्हती ना?"

डबक्याच्या कपारीत आणखी काय होते, ते मी वाकून पाहिलेसुद्धा नव्हते.