टकटक

सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी दुसऱ्याच दिवशी चढावर टकटक करू लागली. गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन खोलावे लागेल, सर." मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली; हे मॉडेल २०१४ साली बंदही झाले. पण आठवड्यातून दोनदा अम्मीला डायलिसिससाठी चिपळूणला न्यायचे, तेव्हा गाडी उभी राहून कसे चालेल?

मोहल्ल्यातल्या मिस्त्री चाचांनी आधी विचारले, "बेटा, सर्व्हिसिंगमध्ये हात कुठे कुठे लागला?" ऑइल, फिल्टर, तीन प्लग. बस्स. बी.एड.ला निदानात्मक चाचणी शिकलो, ती हीच. माझा विद्यार्थी 'शाळा'चे 'शाला' लिहितो, म्हणून त्याला पहिलीपासून मराठी शिकवीत नाहीत. फक्त 'ळ' पकडायचा असतो. (उर्दूत तो नाहीच, पोराचा काय दोष!)

इंजिन चालू ठेवून चाचांनी रबरी हातमोजा चढवला आणि एकेका प्लगची वायर काढून परत लावली. टॅपेटचा आवाज असता तर त्याने फरक पडला नसता. पहिली, दुसरी... टकटक तशीच. तिसरी काढताच आवाज बसला. म्हणजे एक तर बेअरिंग, नाहीतर गॅस निसटतोय. बेअरिंग या शब्दाने माझ्या पोटात गोळा आला. चाचांनी वायर जोडली, प्लगच्या बुडाशी ऑइलचे थेंब सोडले. बुडबुडे आले. प्लग ढिला!

इंजिन थंड होईतो चाचा असर पढून आले, मग पान्याने प्लग आवळला. आवाज गेला.

"मजुरी, चाचा?"

"अम्मीला सलाम सांग."