आईच्या हातावरची दोन अक्षरं

'आदल्या रात्री नीट झोपा. सकाळी पोटभर जेवून या. दारू आदल्या दिवसापासून वर्ज्य. सैल बाह्यांचे कपडे घाला. ताप असेल तर तारीख बदलून घ्या.' लेकीच्या मोबाइलवरच्या या सूचना वाचून माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं, कसलं ऑपरेशन करून घेतेयस?

"ऑपरेशन कुठलं ग आई, टॅटू! आजीचं गोंदण काढून घेणार आहे हातावर. पाच तास बसावं लागेल. येशील ना सोबत?"

ही 2024 च्या जानेवारीतली गोष्ट.

आईचं माहेर गोकाककडचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. सुगी झाली की कोरवीण 'हच्चे, हच्चे' म्हणत दारोदार फिरायची. तिची हत्यारं ती काय? दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन सुया आणि करवंटीत पाल्याच्या रसात खललेली दिव्याची काजळी. आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची. तिला दोन गुडघ्यांत दाबून बसवलं आणि कोरवीण गाणं म्हणत टोचत राहिली. गाणं कशासाठी, तर पोरीचं रडणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून, असं आई हसून सांगायची. वर हळद आणि कोरवीणीच्या पदरात सूपभर जोंधळे. कोपराखाली तुळशीवृंदावन उमटलं, भोवती ठिपक्यांची रांग. 'मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं,' हे तिचं नेहमीचं वाक्य.

पण वृंदावनाखाली, मनगटाच्या जरा वर, आणखी दोन अक्षरं होती. कानडी अक्षरं. ती सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत गोंदलेली. त्याबद्दल मात्र ती कधी बोलली नाही. मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, "देवाचं आहे ते."

लग्न होऊन ती बेळगावात आली आणि 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आमचं घर सीमालढ्यातलं. आजोबा दर वर्षी त्या दिवशी दंडाला काळी फीत बांधून बाहेर पडायचे. त्या घरात आईला कोणी एका शब्दाने काही बोललं असेल असं मला वाटत नाही. पण ती मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके शिवून घेऊ लागली. एप्रिलच्या उन्हातही. कणीक मळतानासुद्धा बाही दोन बोटंच वर जायची.

2021 मध्ये ती शेवटची आजारी होती, तेव्हा लेक तिच्या हाताला तेल लावत बसायची. लेक शाळेत कानडी शिकलेली. एका दुपारी तिने ती अक्षरं सहज मोठ्याने वाचली. आईने डोळे उघडले. "माझी मैत्रीण," म्हणाली. मग तासभर दोघी कानडीत बोलत होत्या. आईला इतकं सलग कानडी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी शेजारी बसून अर्धंमुर्धं समजून घेत होते. ते नाव इथे लिहीत नाही. साठ-पासष्ट वर्षं तिने ते बाहीखाली ठेवलं, मी कशाला छापू?

तरीही लेकीला मी म्हटलंच, "तुळस काढ, ठिपके काढ. अक्षरं कशाला? चार लोक विचारतील." ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला जास्त लागलं.

ठरल्या दिवशी तिला झुणका-भाकरी पोटभर खायला घातली. सोबत पाण्याची बाटली आणि कुंद्याचा डबा. मध्येच साखर कमी होऊन घेरी येते म्हणे. आदल्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं, पण गोळी मनाने घ्यायची नव्हती. अ‍ॅस्पिरिनने रक्त पातळ होतं आणि टोचलेल्या जागी जास्त वाहतं.

टॅटू काढणारा मुलगा मोठा बोलका होता. त्याने आधी सीलबंद पाकीट आमच्यासमोर फोडलं. सुई एकदाच वापरायची, मग फेकायची. तिच्या कार्ट्रिजला आतून पातळ पडदा असतो, त्यामुळे रक्त आणि शाई यंत्रात मागे जात नाही. मला जत्रेतला तो बॅटरीवाला आठवला. सगळ्या गावाला एकच सुई आणि एकच शाईची वाटी! माझ्या भावाने त्याच्याकडून नाव गोंदवून घेतलं आणि आठवडाभर हात सुजवून बसला.

यंत्राची गोष्टही गमतीची. एडिसनने 1876 मध्ये कागदाला भोकं पाडून नकला काढायच्या विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं. तीच कल्पना घेऊन सॅम्युअल ओरायली याने 1891 मध्ये न्यूयॉर्कला गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. पुढे विजेच्या घंटीसारखी दोन वेटोळ्यांची, घूंऽऽ करणारी यंत्रं कितीतरी वर्षं चालली. आता जाड पेनाएवढं, आत छोटी मोटर, वायरसुद्धा नाही. कातडीच्या दुसऱ्या थरात शाई पोचवायची हे काम मात्र कोरवीणीच्या सुयांचंच.

मुलाने आईच्या हाताचा फोटो संगणकावर मोठा करून रेघा काढल्या आणि खास कागदावरून जांभळा ठसा लेकीच्या हातावर उतरवला. तुळस झाली, ठिपके झाले. तिसऱ्या तासाला लेकीचा चेहरा उतरला. कुंद्याचा एक घास, दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा सुरू. अक्षरांपाशी तो थांबला.

"काकू, ही अक्षरं पसरलीत. वयाने शाई फुटते. आमची सुई बारीक असते, मी नवीन वळणात स्वच्छ काढून देऊ?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "आई, तू सांग."

मी फोटो जवळ घेतला. पहिल्या अक्षराचा काना सुजल्यासारखा, दुसरं अक्षर सुरकुतीत अडकलेलं. हाच हात माझ्या कपाळावर असायचा.

"आहेत तशीच काढ," मी म्हटलं.

ते स्वच्छ काढण्यापेक्षा अवघड निघालं. फुटलेली कड दाखवायला त्याला सुई बदलावी लागली, सौम्य शाईचे बारीक ठिपके कडेकडेने द्यावे लागले. दोन अक्षरांना पाऊण तास.

निघताना पुन्हा सूचना. खाजवायचं नाही, खपली काढायची नाही, पोहायचं नाही, वर्षभर रक्तदान करायचं नाही. आणि ऊन लागू नये म्हणून तीन आठवडे पूर्ण बाही.

तीन आठवडे तिने बाही घातली. बाविसाव्या दिवशी ती कोपरापर्यंत दुमडली आणि पिशवी घेऊन भाजी आणायला बाजारात गेली.