गाडी चुकेल

माझ्या मित्राचं नाव इथे लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

1988च्या डिसेंबरात आम्ही दोघं राजगडावर गेलो होतो. सकाळी जाऊन रात्री परत, असा बेत. स्वारगेटहून वेल्ह्याची पहिली एसटी धरायची म्हणजे साडेतीनला उठणं आलं. एसटीची काच अर्ध्यावर अडकलेली. कात्रजच्या जुन्या बोगद्यातून गाडी पलीकडे उतरेपर्यंत दातावर दात आपटत होते. नसरापूर फाट्यावर चहा, मग मार्गासनीला उतरायचं आणि तिथून साखरवरून गुंजवण्यापर्यंत पायी. हे चालणं आम्ही ट्रेकमध्ये धरतच नव्हतो. भात निघालेल्या खाचरांत ओलीवर वाल नि पावटा टाकलेला असायचा. बांधावरून जाताना दवानं पँट गुडघ्यापर्यंत भिजायची आणि हंटर शूजमध्ये पचपच आवाज यायचा. वाट विचारावी तर माणूस हातातलं काम टाकून चार पावलं सोबत यायचा. आधी गाव कुठलं, मग कुणाची पोरं, आणि शेवटी वाट.

गेल्या डिसेंबरात पुन्हा आम्हीच दोघं गेलो. आता त्याची मोटार आहे. नवा बोगदा, हायवे, थेट गुंजवण्यात पार्किंग. वाटेत काच खाली केली नाही, कारण हीटर चालू होता. खाचरांत काय पेरलंय ते मला सांगता येणार नाही. दव लागलं ते फक्त मोटारीच्या टपाला. वाट कुणाला विचारली नाही, फोनमधली बाई सांगत होती. तिनं आम्हाला ‘कुणाची पोरं’ असं काही विचारलं नाही.

चढताना मात्र जुनं ते सोनं म्हणायची माझी हिंमत झाली नाही. चोरदरवाज्याच्या खालच्या कातळात लोखंडी रेलिंग आहे. सकाळच्या गारठ्यात ते बर्फासारखं लागतं, तरी मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ज्यानं कुणी बसवलं त्याला मनातल्या मनात दुवा दिला. दरवाज्यातून वाकून वर आलो. समोर पद्मावती तलाव, अगदी होता तसा. तेव्हा इथे ताक विकणाऱ्या मावशी ‘पोरांनो, दमानं प्या’ म्हणाल्या होत्या. आता ताक देणारी मुलगी म्हणाली, ‘आजोबा, मीठ चालतं ना?’ मित्रानं मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके पाहिले आणि चालतं म्हणून सांगितलं.

बालेकिल्ल्यावर थंडीतल्या हवेनं आम्हाला तेव्हाही निराश केलं नव्हतं, आताही नाही. पश्चिमेला तोरणा इतका जवळ की हाक मारावी. मागे रायगड आणि लिंगाण्याचा सुळका, इकडे सिंहगड, पलीकडे पुरंदर-वज्रगड. पावसाळ्यात येणाऱ्यांच्या नशिबी नुसतं धुकं. राजगड डिसेंबरातच बघावा, हे माझं मत मी कुणाशीही वाद घालून टिकवीन.

आता नावाचं. त्या वेळी या गड्यानं कंपासपेटीतल्या कर्कटकानं एका भिंतीवर स्वतःचं नाव कोरलं होतं. खाली बाण, आणि बाणाच्या टोकाला आणखी एक नाव. ते आमच्या वहिनींचं नाही. जुलै 2025मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यात राजगड आहे. ‘म्हणजे तू जागतिक वारशावर कोरलंयस,’ असं मी त्याला महिनाभर ऐकवत होतो. गडावर गेल्यावर तो काही न बोलता नेमका त्या भिंतीशी गेला आणि तिला पाठ लावून उभा राहिला. मला बघू दिलं नाही. फोटोसाठी दोन पोरं तिथे आली तर त्यांना म्हणाला, ‘भिंतीला टेकू नका रे.’ आमच्या पिढीनं देवळाच्या आडोशाला चुली पेटवून दगड काळे केले आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हटलं, हेही लिहून टाकतो.

जेवण सुवेळा माचीवर, नेढ्यात बसून. आरपार वारा. तेव्हा उसन्या आग्फा क्लिकमध्ये 12 फोटोंचा रोल होता आणि अकरा आधीच संपले होते. बारावा इथला. उजेड मागून आल्यामुळे त्याचा चेहरा काळाठिक्कर, पण फोटो अजून माझ्या कपाटात आहे. यंदा त्यानं इथेच चाळीसेक फोटो काढले. त्यातला एकही मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा याच नेढ्यात रेंगाळल्यामुळे आमची संध्याकाळची एसटी चुकली होती. मार्गासनीच्या फाट्यावर पोचलो तेव्हा तिचा लाल दिवा वळणाआड जाताना दिसला. अंधारात साखरला परतलो. एका म्हाताऱ्या बाबांनी आधी शिव्या घातल्या, मग पडवीत घोंगडी टाकून दिली. पिठलं-भाकरी, लसणाची चटणी, अंगणात शेकोटी. पैसे पुढे केले तर पुन्हा शिव्या. घरी कळवायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी दार उघडलं आणि एक शब्दही न बोलता आत निघून गेले. ते मौन मला अजून ऐकू येतं. यंदा नेढ्यात असताना वहिनींचा दोनदा फोन आला, दुसरा येताना दूध आणायचं सांगायला.

तीन वाजले. सावल्या लांबायला लागल्या तसा हा एकदम उठला, डबा पिशवीत कोंबला.

‘चल, ऊठ लवकर. गाडी चुकेल.’

मी त्याच्याकडे पाहिलं. मोटारीची किल्ली त्याच्याच खिशात होती. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, पण तो काही बोलला नाही, आणि मीही निमूटपणे बुटांच्या नाड्या आवळल्या.